वस्तऱ्याला कोणी विचारले नाही

मित्रांनो, जरा लांबच बसा. मी एक वस्तरा आहे. मी जुना झालो, पण राग माझा अजून ताजा आहे. जपानमधल्या साकाता गावातल्या तोगाशींच्या केशकर्तनालयात, आरशाखालच्या खणात, मला फडक्यात गुंडाळून ठेवले आहे. खण उघडतात तो कंगव्यासाठी, माझ्यासाठी नाही. बाहेर बाकावर गिऱ्हाइके चहा पीत वाद घालत बसतात, की नाजूक कातडीच्या माणसाने दाढी वस्तऱ्याने करावी की विजेच्या मशीनने. एक म्हणतो, वस्तरा म्हणजे कसाई. दुसरा म्हणतो, मशीन म्हणजे गवत कापायचे यंत्र. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाही हे मला ठाऊक आहे, तरी जाते.

माझा जन्म लोहारकामासाठी नावाजलेल्या सान्जो गावचा. तिथल्या एका लोहाराने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले आणि पुन्हा तापवले. मोठा खडूस माणूस होता तो. तो म्हणे, "लोखंडाला दुखलं की लोखंड आवाज करतं. माणसांचं तसं नाही, म्हणून मला माणसं नकोत." तेव्हा मला त्याचे बोलणे कळले नाही. पुढे चांगलेच कळले.

तोगाशींच्या वडिलांनी मला दुकानात आणले आणि त्यांच्यानंतर मी तोगाशींच्या हाती आलो. ते रोज सकाळी मला चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार जागी करीत. गिऱ्हाईक खुर्चीत आडवे झाले की तोंडावर गरम टॉवेल, मग ब्रशने साबणाचा दाट फेस, आणि मग मी. आधी केसांच्या वाढीच्या दिशेने सुलटा हात, मग गुळगुळीत करण्यासाठी उलटा हात. गावातल्या नवऱ्या मुली लग्नाच्या आदल्या दिवशी येत आणि मानेवरची लव माझ्याकडून काढून घेत. बंदरावरचे लोक म्हणत की तोगाशींच्या खुर्चीत माणूस जागा राहून दाखवेल तर पैज. घोरणाऱ्या माणसांच्या गळ्यावरून मी फिरलो आहे, मित्रांनो, आणि एकालाही ओरखडा काढलेला नाही. केसाने गळा कापणे हा माणसांचा धंदा, माझा नाही.

तोगाशींना एक सवय होती. हात चालवता चालवता ते विचारत, "झोंबतंय का कुठं?" आणि खुर्चीतला माणूस म्हणे, "नाही, नाही. छान." सगळे हेच म्हणत. एकदा मासळीवाल्याच्या हनुवटीखाली पिकलेला फोड होता. फेसाखाली तो तोगाशींना दिसला नाही आणि मी त्यावरून गेलो. बिचाऱ्याच्या पायाची बोटे बुटात वळली. आणि तोंडाने म्हणतो काय? "छान!" इथे या प्रश्नाला हो म्हणणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर त्याचे सूप बिघडले म्हणण्यासारखे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. सगळे गाव तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते, आणि मारणारा समजत होता की आपण लाड करतो आहोत.

अशा दुकानात ओनोदेरा आले.

ओनोदेरा पोस्टात खिडकीवर बसत. तोगाशींची एकुलती मुलगी साचिए हिच्याशी त्यांचे जुळले होते. ती दुकानातच काम करी, टॉवेल धुई, बायकांच्या माना साफ करी. ओनोदेरांची कातडी फार पातळ होती. त्यांच्या मानेवरचे केस आडवे वाढत आणि अगदी मुळाशी कापले की टोक आत वळून कातडीतच घुसे, मग तिथे फोड येई. म्हणून ते विजेचे मशीन वापरत. सकाळी कोरड्या तोंडावर, हलक्या हाताने, न दाबता. थोडी खरखर राही, पण चेहरा शांत असे. माणसाने स्वतःच्या तोंडाशी तडजोड केली होती आणि ती चांगली चालली होती.

दुकानामागच्या खोलीत ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मधले सरकते दार उघडेच होते. मी तबकात पडून सगळे ऐकत होतो.

"दाढी कशानं करता?" तोगाशींनी विचारले.

"मशीननं."

"म्हणजे करत नाही."

"अहो!" तोगाशींची बायको तोमी म्हणाली. "माणूस जेवायला आलाय. आधी भात तरी वाढू द्या."

"वाढ की. मी काय भात अडवलाय?" तोगाशी म्हणाले. "हे बघा ओनोदेरासान, मुलगी देतो मी, नाही कुठं म्हणतोय? पण न्हाव्याचा जावई खरखरीत गाल घेऊन लग्नाला उभा राहिला तर गाव माझ्या तोंडात शेण घालील. लग्न होईपर्यंत दर शनिवारी माझ्या खुर्चीत यायचं. मी करतो तुमची दाढी."

ओनोदेरा वाकून म्हणाले, "माझं भाग्यच."

भाग्य म्हणे! साचिएच्या हातातली वाटी खणकन खाली आली, ते मी ऐकले. बोलली मात्र तीही नाही.

पहिल्या शनिवारी ओनोदेरा खुर्चीत पडले आणि मी त्यांच्या गालाला लागलो. मित्रांनो, कातडीला काय होते हे न्हाव्याच्या आधी वस्तऱ्याला कळते. ती कातडी मला बघून आक्रसली. सुलटा हात तिने कसाबसा सोसला. तोगाशींनी लगेच उलटा हात मारला, मग तिथेच पुन्हा एकदा, कारण त्यांना काचेसारखा गाल हवा होता. ओनोदेरांच्या मुठी चादरीखाली आवळल्या होत्या.

"झोंबतंय का कुठं?"

"नाही, नाही. छान."

खोटारडा! मला ओरडावेसे वाटले. आणि हा आमचा मोठा कारागीर, ज्याच्या हातांनी गावभरच्या माना ओळखल्या, त्याला लाल झालेला गाल दिसू नये? दिसला की. फडक्याने पुसत तोगाशी म्हणाले, "नवी कातडी आहे. वस्तऱ्याला लाजते. होईल सवय." स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि ओनोदेराही हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

पुढच्या शनिवारी आधीचे फोड सुकले नव्हते, त्यांवरूनच मला फिरवले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. ओनोदेरा पोस्टात तोंडाला मास्क लावून बसू लागले आणि विचारणाऱ्याला सर्दी झाली म्हणून सांगू लागले. कोणाला संशय आला नाही. सर्दी झाली की मास्क लावणे ही तर शहाण्या माणसाची रीत. लोक त्यांना खिडकीतून मोसंबी देऊन जात. साचिएलाही त्यांनी सर्दीच सांगितली होती.

सोमवारी दुकान बंद असते. अशाच एका सोमवारी, पोस्टाच्या जेवणाच्या सुट्टीत, साचिएने ओनोदेरांना दुकानात आणले, खुर्चीत बसवले आणि मास्क खाली ओढला. तिने फोड पाहिले. मग जी सुटली!

"ही सर्दी? आलं किसून पाठवत होते मी तुम्हाला! गावाला सांगितलंत ते सांगितलंत, मलाही?"

"तुझ्या बाबांना वाईट वाटेल गं. एवढ्या मायेनं करतात."

"आणि उद्या माझं कालवण खारट झालं, तरी छान म्हणाल. पोटात दुखायला लागलं तरी छान. मी काय पोस्टाच्या खिडकीवरचं गिऱ्हाईक आहे का, गोड बोलून वाटेला लावायला?"

"लग्न होईपर्यंत तर सोसायचंय. मग काय..."

"मग काय? मग तुमची सवय होईल, आणि मला जन्मभर तुमच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागेल की कुठं दुखतंय." तिचा आवाज चिरकला. "ऐका. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा विचारतील, झोंबतंय का. तुम्ही नाही म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी मी लग्नाला येणार नाही. बाबांशी मी बोलणार नाही. तुम्हीच बोलायचं."

इतक्या वर्षांत त्या दुकानात कोणीतरी पहिल्यांदा माझ्या मनातले बोलले होते. पण बोलून झाल्यावर ती खुर्चीशी बसून रडली, आणि ओनोदेरा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मी ठीक आहे." बघा म्हणजे!

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तोगाशींनी दाराला बंदची पाटी लावली. मला पट्ट्यावर असे घासले की माझ्यात त्यांचा चष्मा दिसत होता. ओनोदेरा आडवे झाले. साचिए गरम टॉवेलची थाळी घेऊन शेजारी उभी राहिली. तोमी मागच्या दारात कुंकवासारख्या लाल फिती बांधत बसली होती, उद्या द्यायच्या भेटवस्तूंसाठी.

उजवा गाल झाला. सुलटा, उलटा, पुन्हा उलटा. आधीचा एक फोड फुटला आणि फेसात गुलाबी रेघ उठली.

"झोंबतंय का कुठं?"

ओनोदेरांनी डोळे मिटले.

"नाही," ते म्हणाले. "छान."

साचिएने थाळी खाली ठेवली. अंगातला पांढरा कोट उतरवला, घडी केली, कपाटावर ठेवला आणि ती दाराकडे चालू लागली. तोगाशी म्हणाले, "अगं, टॉवेल कोण देणार?" तिने मागे पाहिले नाही. दाराची घंटी वाजली.

"थांब!" ओनोदेरा ताडकन उठले. तोगाशींनी हात मागे घेतला म्हणून बरे, नाहीतर त्या दिवशी माझ्या नावाला कायमचा बट्टा लागला असता. "तोगाशीसान, झोंबतंय. आता झोंबतंय आणि पहिल्या शनिवारपासून झोंबतंय. रात्री उशीला गाल लावता येत नाही मला."

तोगाशी जागच्या जागी उभे. माझ्यावरून फेस त्यांच्या पायावर ठिबकत होता.

"मग सांगितलं का नाही? मी दरवेळी विचारत होतो!"

"विचारत होता, बाबा," साचिए दारातूनच म्हणाली. "पण उत्तर यायच्या आधी पुढचा हात मारत होता."

तोगाशींनी चष्मा पुसला आणि वाकून ओनोदेरांचा उजवा गाल जवळून पाहिला. बोटांनी चाचपला. मला वाटते, त्या गालाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. आजवर लावत होते ते स्वतःच्या कारागिरीला. त्यांचे कान लाल झाले.

"उरलेली अर्धी कशी करू?" त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी कोणाला कधी विचारला नव्हता.

"उलटा हात नको," ओनोदेरा म्हणाले. "मानेवर केस आडवे आहेत, ते इकडून तिकडं. एकदाच फिरवा, दाबू नका. आणि खरखर राहिली तर राहू द्या."

"खरखर राहू देऊ? माझ्या दुकानातून जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर?"

"राहू द्या हो," तोमी म्हणाली. "लग्न साचिएचं आहे, तुमच्या वस्तऱ्याचं नाही."

हे मला लागले, पण खरे होते. साचिएने परत येऊन गरम टॉवेल दिला. या खेपेस तोगाशी तो थंड होईपर्यंत थांबले. नवा फेस केला. केस ज्या दिशेला झुकले होते त्या दिशेने मला एकदाच, अलगद फिरवले. डाव्या गालाची कातडी माझ्याखाली सैल झाली. मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दाढी. आणि म्हणूनच मला संताप येतो. हे मला पहिल्या शनिवारीही जमले असते!

आणि मला मिळाले काय? लग्नानंतर तोगाशींनी पाती बदलायचा नवा वस्तरा आणला आणि लोकांना सांगितले, "तो जुना फार जहाल होता, नाजूक कातडीला सोसत नव्हता." नाचता येईना अंगण वाकडे! हात त्यांचा आणि शिक्षा मला. अरे, धारदार वस्तरा कातडीला सांभाळतो, बोथट वस्तरा ओरबाडतो. हे त्यांनाच मी शिकवले होते.

ओनोदेरा पुन्हा मशीन वापरू लागले. तोगाशींनीच सांगितले, "तोंड तुमचं आहे." त्या मशीनशी माझे भांडण नाही. तेही ओल्या तोंडावर दाबून घासले, आतला केसांचा भुगा न झाडता वापरले, तर भाजते. काही माणसांना मी मानवतो, काहींना ते. पण हे ठरवायचे त्या गालाने, सासऱ्याने नाही, बाकावर चहा पिणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

लग्नाचा फोटो दुकानात लावला आहे. त्यात ओनोदेरांचा उजवा गाल गुळगुळीत आणि लाल आहे, डाव्यावर दाढीची सावली आहे. गिऱ्हाइके हसतात आणि विचारतात की हे अर्धवट काम कोणाचे. तोगाशी सावलीच्या गालावर बोट ठेवून म्हणतात, "हा आम्ही दोघांनी मिळून केला." लाल गालाबद्दल ते काही बोलत नाहीत.

तर मित्रांनो, उद्या तुम्हाला मिसरूड फुटेल. वस्तरा घ्या नाहीतर मशीन घ्या, माझी हरकत नाही. वस्तरा घेतलात तर त्याला धार ठेवा, कातडी गरम पाण्याने भिजू द्या, घाई करू नका. मशीन घेतलेत तर ते झाडून ठेवा. पण दुखले तर दुखले म्हणा, मायेने करणाऱ्यालाही म्हणा. आणि कोणाला दुखते का असे विचारायची तुमच्यावर वेळ आली, तर आधी हात थांबवा, मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हात हलवू नका.