चोराने पाय पुसले

माझ्या सुनेने आमच्याच घरात भुताखेतांशिवायचा भयपट काढला. एकटी बाई, बाहेर काळोख, आणि दार उघडून आत शिरणारा बुरखेधारी खुनी. नाव काय, तर ‘कडी लावली का?’ एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण चार शनिवार माझ्या बैठकीच्या खोलीत माझी सत्ता नव्हती! सोफा भिंतीला उभा, खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकलेली, कारण रात्र दुपारीच करायची होती. बाईचं काम शेजारची नर्स करणार होती. मुलगा झाडूच्या दांड्याला माइक बांधून उभा. आणि खुनी कोण? आमचे हे! आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारले आणि आता उशीचा अभ्रा भोकं पाडून चेहऱ्यावर चढवलेला. अभ्राही फुलाफुलांचा, कारण साधे मी दिले नाहीत.

मी मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते. दोनशे पोरींना शिस्त लावली, पण या तिघांपुढे हात टेकले.

सिनेमा इंटरनेटवर चढला आणि लोकांची मतं यायला लागली. अहो, मतं कसली, उचलली जीभ लावली टाळ्याला! ‘बजेट काय चहाबिस्किटांचं होतं का?’ ‘खुन्याच्या तोंडावर गुलाबाची फुलं, वा!’ ‘खुनी हातात सुरा घेऊन आत येतो आणि आधी पायपुसण्यावर पाय पुसतो. दोन्ही! हसून हसून पोट दुखलं.’

आता त्या पाय पुसण्याचं खरं सांगते. मी नुकतीच फरशी पुसली होती. हे दारातून आत येताना दिसले आणि स्वयंपाकघरातून माझ्या तोंडून निघून गेलं, “पाय!” झालं. सुरा, बुरखा, सगळं विसरून ह्यांनी निमूटपणे पाय पुसले. नर्सला ड्यूटीवर जायचं होतं, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. सुनेने माझा आवाज काढून टाकला, पण पाय काही काढता आले नाहीत.

पहिले दोन दिवस पोरगी हसत होती. मग कुणीतरी लिहिलं, ‘ज्याने हा सिनेमा काढला त्याने दुसरा धंदा बघावा.’ ते वाचून तिने कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि कपाटाच्या वर, जुन्या बादल्यांच्या मागे ठेवून दिली.

“रविवारी सिनेमा काढून टाकते, आई,” ती म्हणाली. “पुरे झालं. दातांच्या दवाखान्यातली नोकरी बरी आहे माझी.”

“बरं,” मी म्हटलं. माझी बैठकीची खोली मला परत मिळणार होती, मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. तिने ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे केली, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी तिचा टॅब घेतला. स्वयंपाकघरात तो नेहमी पडलेलाच असतो, पाककृती बघायला. उघडला तर समोर तीच मतं, आणि प्रत्येकाखाली ‘उत्तर द्या’ असं लिहिलेलं. म्हटलं, देते की! उत्तर द्यायला मी कधी कुणाच्या बापाला घाबरले नाही.

पायांवर हसणाऱ्याला लिहिलं, ‘तुमच्याकडचे चोर पाय न पुसता येत असतील. ज्याचं त्याचं वळण.’

एकाने लिहिलं होतं, ‘मध्यरात्री खिडकीतून ऊन कसं?’ त्याला म्हटलं, ‘दुपारीच काढलाय. रात्री शेजारी झोपतात. तुम्हाला शेजारी नाहीत वाटतं.’

‘खुन्याला गुडघेदुखी आहे का? कठडा धरून जिना चढतो.’ ‘आहे. तुम्हालाही होईल, तेव्हा आठवण काढा.’

‘गोष्टच कळली नाही.’ ‘फोन खाली ठेवून बघा. जेवताना बघितला असणार. आधी नीट जेवा.’

दुपारभर हेच. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली. शेवटी राहिला तो दुसऱ्या धंद्यावाला. त्याला मात्र मी बसून, चष्मा पुसून लिहिलं. मनातलं होतं ते सगळं लिहिलं, आणि टॅब होता तिथे ठेवून दिला.

रविवारी सकाळी मी फरशी पुसत होते. सून गच्चीत झाडांना पाणी घालून आली आणि दारातच टॅब उघडून उभी राहिली. सिनेमा काढून टाकायला. एकदम किंचाळली.

“आई! हे काय केलंत?”

“काय केलं?”

“तुम्ही सिनेमाच्या नावाने उत्तरं दिलीत! लोकांना वाटतंय, सिनेमावालेच भांडतायत!”

माझ्या हातातलं फडकं बादलीत पडलं. मला काय ठाऊक, टॅबमध्ये सिनेमाचंच खातं उघडं होतं ते! मला वाटलं, कुणीतरी एक म्हातारी बोलतेय एवढंच दिसेल. पोरीची उरलीसुरली अब्रूही मीच धुळीला मिळवली. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

“आणि हे बघा,” ती म्हणाली. तेव्हा कुठे मला दिसलं, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

माझ्या प्रत्येक उत्तराखाली लोकांची रांग लागली होती. ‘मावशी, मलाही ओरडा ना.’ ‘मी आत्ता पाय न पुसता घरात आलो, रागवा.’ ‘आधी जेवलो, मग बघितला, आता समजला.’ ‘दुसऱ्या भागात खुन्याला या बाई भेटू देत. खुनी वाचतो का बघू!’

हे आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आले. “खुन्याबद्दल काही लिहिलंय का?”

“तुमच्या गुडघ्यांचे चाहते वाढलेत, बाबा,” सून म्हणाली. मग ती थांबली. तिला दुसऱ्या धंद्यावाल्याचं उत्तर सापडलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.

‘माफ करा मावशी. फोन बाजूला ठेवून पुन्हा बघितला. पाय पुसताना या वेळी हसू आलं नाही. हा माणूस त्याच घरचा आहे, हे तिथेच कळतं. अंगावर काटा आला.’

“घरचाच आहे मी,” हे म्हणाले. “म्हणून तर पुसले.”

सून मात्र बोटाने मजकूर वर सरकवत गेली, माझं लिहिलेलं शोधत. “नको वाचूस गं,” मी म्हटलं. ऐकते कुठली! वाचू लागली.

‘त्याने नाही, तिने काढलाय. माझी सून आहे ती. दिवसभर लोकांच्या दुखऱ्या दाढा सांभाळते आणि संध्याकाळी घरी येऊन हे करते. लग्न होऊन आली तेव्हा तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. मला वाटलं, आळशी आहे. तीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात वावरले, ते तिच्या सिनेमात बघून मी घाबरले. दिवा लावून पुन्हा जाऊन पाहिलं, कुणी आहे का. एवढं तिला येतं. मला तिचा फार अभिमान आहे. दुसरा धंदा तुम्हीच शोधा.’

वाचून झाल्यावर तिने टॅब बाजूला ठेवला.

“हे मला कधी बोलला नाहीत,” ती म्हणाली. “मला तुम्ही फक्त ‘दिवा बंद कर’ म्हणता.”

“दिवा चालू असतो म्हणून म्हणते,” मी म्हटलं. नाक ओढलं. “अभिमान आहे गं मला. आता तोंडावर सांगितलं, झालं समाधान?”

ती आली आणि मला स्टुलावरून उठवून घट्ट मिठी मारली. मग तेच स्टूल ओढत कपाटापाशी नेलं, वर चढली आणि बादल्या बाजूला सारून कॅमेऱ्याची पिशवी खाली काढली.

गच्चीतल्या मातीने भरलेले तिचे ओले पाय माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दारापासून कपाटापर्यंत उमटले होते. ह्यांनी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय गं, आज ओरडली नाहीस?”

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हटलं, आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं.