शिडीची सातवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला अकरा पायऱ्या आहेत. त्यांतली सातवी बाकीच्यांपेक्षा उजळ दिसते आणि पाहुणे नेमके तिच्याबद्दलच विचारतात. मग घरातले लोक विषय बदलतात. म्हणून म्हटले, आपणच सांगून टाकावे.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराळ खेड्यात, वॉल्टरकाकांच्या सुतारशाळेत झाला. १९८२ साली शेजारच्या घरात डॉक्टर हेमचंद्र, त्यांच्या पत्नी शरयूताई आणि चार वर्षांची मालिनी राहायला आले. त्या घरावर लाकडाच्या पातळ फळ्यांची, चटकन पेट घेणारी कौले होती. ती पाहून काकांनी मला खास त्यांच्यासाठी बनवले. मला भिंतीला टेकवून ते म्हणाले, "उन्हाळाभर ही इथेच उभी राहू द्या. वणवा मैलभर लांब असला तरी निखारे उडत येतात. तेव्हा छपरावर लगेच चढता आले पाहिजे."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि संध्याकाळी मला गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावले. त्यांच्या नागपूरच्या घरी एकदा बाहेर राहिलेल्या शिडीवरूनच चोर माडीवर चढले होते. ते त्यांच्या मनातून कधी गेलेच नाही. सकाळी कामावर जाताना ते मला बाहेर काढत आणि घरी आले की पुन्हा आत कोंडत.

"अहो, इथे चोराला यायचं तर वीस मैल ड्राइव्ह करावं लागेल," शरयूताई चिडवत.

"मग करेल ड्राइव्ह," डॉक्टर म्हणत. किल्ली त्यांच्या गाडीच्या जुडग्यात असे.

दिवसा मात्र मला मान होता. शरयूताई काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनीचे सांडगे घालत. अंगणात ठेवले तर हरणे फस्त करत, म्हणून त्या जुने सुती लुगडे घेऊन छपरावर चढत. "या शिडीमुळे माझे सांडगे होतात," असे त्या फोनवर मैत्रिणींना सांगत. कौतुक कोणाला आवडत नाही? मला तर फारच आवडे.

मग १९८७ चा ऑगस्ट आला. कित्येक महिने पावसाचा थेंब नव्हता. एका दुपारी डोंगरापलीकडे वणवा पेटला. गाडीवर राख साचू लागली, सूर्य तांबडा दिसू लागला. वेळ आलीच तर निघता यावे म्हणून शरयूताईंनी बॅगा भरून दारात ठेवल्या. त्या गडबडीत सांडग्यांचे लुगडे छपरावरच राहिले आणि मी नेहमीप्रमाणे कुलपात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून तातडीचा फोन आला. डॉक्टर घाईने निघाले आणि मला बाहेर काढायचे राहून गेले.

दुपारी वारा फिरला.

"आई, रूफवर स्मोक आहे," मालिनी अंगणातून म्हणाली. लुगड्यावर निखारा पडला होता. वीज गेल्यामुळे विहिरीचा पंप बंद होता आणि नळी कोरडी होती. शरयूताईंनी टब आणि पातेली आधीच भरून ठेवली होती, पण पाणी खाली आणि आग वर. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"गॅरेजची किल्ली कुठे आहे?"

"माझ्या खिशात," डॉक्टर म्हणाले.

आत मी नुसती पडून होते. ज्या छपरासाठी माझा जन्म झाला, ते बाहेर जळत होते. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शरयूताईंनी भारतातून आणलेला वरवंटा उचलला. सहाव्या घावाला कुलूप तुटले. मला ओढून काढताना माझी सातवी पायरी दारावर आपटली आणि तिला चीर गेली. मालिनीने माझे पाय धरले. शरयूताई बादली घेऊन चढल्या. सातवी पायरी मोडली, तशा त्या लोंबकळल्या, अर्धे पाणी सांडले, पण त्या वर गेल्याच. त्यांनी जळते लुगडे खाली ढकलले. कौले धुमसतच होती.

तेवढ्यात वॉल्टरकाका आपली शिडी ट्रकमध्ये घालून आले. आमच्या छपरावरचा धूर आणि शिडी नसलेली भिंत त्यांना घरातून दिसली होती. दोघांनी पाणी ओतून ओतून आग विझवली. घर वाचले.

मग काकांनी मागे वळून पाहिले. त्यांच्या सुतारशाळेतून धूर निघत होता. एक निखारा तिथेही पडला होता आणि तिथे चढायला ना माणूस होता, ना शिडी. काका आणि त्यांची शिडी, दोन्ही आमच्या अंगणात होती.

ते पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. चाळीस वर्षांचे रंधे, करवती, पटाश्या, सगळे गेले.

संध्याकाळी डॉक्टर त्यांच्यापुढे उभे राहिले. "चूक माझी आहे," एवढेच म्हणाले.

काकांनी माझ्या मोडक्या पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आधी त्या शिडीची पायरी बदलू. उन्हाळा अजून संपलेला नाही."

त्यांनी डॉक्टरांच्या कोऱ्या करवतीने नवी पायरी कापली. काम करता करता त्यांचा हात सवयीने मागे जाई, हत्यार शोधे आणि रिकामाच परत येई. डॉक्टर माझे पाय धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले.

आता मी उन्हाळाभर बाहेर असते. ऊन लागते, रंग उडतो, कधी कोणी तेलाचा हात फिरवायलाही विसरते. तरी माझी तक्रार नाही. मित्रांनो, अडीनडीची वस्तू जपा, पण ती हाताशी राहील अशी जपा. तुमच्या कुलपाचा भुर्दंड शेजाऱ्याला पडू देऊ नका.

आमचे डॉक्टर दर उन्हाळ्यात माझ्यावरून छपरावर चढतात. पण सातव्या पायरीवर ते अजून पाय ठेवत नाहीत.