ज्याच्या हातात बटणं

रॉइस केसलरचा हात किती जड आहे, हे गावात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल तर त्याच्या धाकट्या भावाला, वेंडेलला. वडील रेल्वेच्या यार्डात दोन डब्यांच्या मध्ये चिरडून मेले तेव्हा वेंडेल शाळेत होता आणि रॉइसला नुकती मिसरूड फुटली होती. त्या दिवसापासून बाप, मास्तर आणि हवालदार या तिन्ही जागा रॉइसने घेतल्या. दूध सांडलं, कानफाट. गणितात नापास, पट्टा. एकदा वेंडेलने न विचारता त्याची शिकारीची बंदूक हातात घेतली, तर रॉइसने त्याचं बोट दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं. ते बोट वाकडंच राहिलं. पुढे वेंडेलची साठी उलटली, गुडघे गेले, बायको देवाघरी गेली. तरी रॉइस खोलीत शिरला की त्याची मान आपोआप खांद्यांत जायची.

दोघांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. छोटी रेल्वे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ते रेल्वेचं गाव. खरं यार्ड कधीच ओस पडलं, पण एका बंद पडलेल्या दुकानाच्या तळघरात गावातल्या हौशी लोकांच्या क्लबने तेच यार्ड, तोच डोंगराला घातलेला रुळांचा वळसा, त्याच कोळशाच्या खाणी टेबलांवर उभ्या केल्या होत्या. वीतभर लांबीची इंजिनं आणि बोटाच्या पेराएवढी माणसं.

गाड्या चालायच्या जुन्या पद्धतीने. रुळांचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याची वीज वेगळ्या बटणावर, आणि ती सगळी उभ्या दांड्यांची बटणं एका लांब पत्र्याच्या फळीवर. फळीसमोर फिरती खुर्ची, खुर्चीत क्लबचा अध्यक्ष रॉइस. त्याने बटण टाकलं तर तुमची गाडी हलणार, नाहीतर बसा बोगद्यात. डोलोरेस पाव्लिकने एकदा त्याच्या कॉफीला नावं ठेवली, तर तिची कोळशाची मालगाडी अख्खी सकाळ घाटात ताटकळली.

डोलोरेस जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. ती काही मान खाली घालणारी नव्हती.

"डिजिटल करू या," ती बैठकीत म्हणाली. "रुळांत वीज कायम खेळती. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, प्रत्येकाला आपला नंबर. ज्याची गाडी, त्याच्या हातात तिचा लगाम. बटणांची भानगडच नको."

रॉइस हसला. "आणा की! कॅटलॉगात आहे ना ती मोठी सिस्टिम? आणा. छप्पर गळतंय ते गळू दे. हीटर बंद पडलाय, थंडीत कुडकुडत खेळू. मी कुठे नको म्हणतोय?"

ती सिस्टिम क्लबच्या आवाक्यात नाही हे रॉइसला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो तिचं एवढं कौतुक करायचा.

पण डोलोरेसने हाय खाल्ली नाही. तिच्या स्वयंपाकघरात वेंडेल आणि ती कित्येक दुपारी बसले. ती पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तळायची, तो लोणी-कांद्यात बुडवून खायचा आणि मध्ये लॅपटॉप उघडा. जुनी वापरलेली सिस्टिम घ्यावी का? बिघडली तर तिचे भाग मिळायचे नाहीत. घरगुती छोटी पेटी घ्यावी? ती दोन गाड्यांत धापा टाकेल, आपल्याला एका वेळी पाच ओढायच्या. शेवटी त्यांना बिस्किटाएवढं एक सर्किट सापडलं. हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, त्याची सगळी माहिती फुकट. वेगळा दणकट वीजपुरवठा जोडला की झालं.

"गाडी फोनवरून चालवायची म्हणे," वेंडेल म्हणाला. "आपल्या म्हाताऱ्यांच्या बोटांना ती काच समजणार नाही. गोल फिरवायचा खटका हवा."

"मग तू बनव खटका. तारांना डाख द्यायला येतं ना तुला? आणि खरा खर्च चिपांचा आहे, रे बाबा. इंजिनं आहेत ढीगभर. आधी रोज पळणाऱ्यांनाच बसवू. बाकीची बसू देत कपाटात."

वेंडेलने तारांना डाख देऊन हातात धरायचे दोन खटके तयार केले. रॉइसला सांगायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. डोलोरेसनेच बाकीच्या सभासदांना फोन केले, आणि शनिवारी सकाळी सगळे तळघरात जमले.

रुळांना नवी जोडणी केली. डोलोरेसने खटका फिरवला, आणि तिची मालगाडी यार्डातून निघाली. समोरून वेंडेलची पॅसेंजर. एकाच रुळाच्या तुकड्यावर दोन इंजिनं. एक थांबलं, दुसरं हळूच बाजूच्या मार्गावर सरकलं. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून हवेत उडवली.

त्याच वेळी जिन्यावर रॉइसचे बूट वाजले.

खाली येऊन त्याने पाहिलं. त्याच्या फळीच्या तारा सुटून लोंबत होत्या. सरळ टेबलाशी गेला, ते बिस्किटाएवढं सर्किट उपटलं आणि टाचेखाली चिरडलं. मग पॅसेंजरचं इंजिन उचलून भिंतीवर फेकलं.

"रॉइस!" डोलोरेस ओरडली. "वेड लागलंय का तुला?"

त्याने तिला छातीवर ढकललं. तिचा तोल जाऊन ती फिरली, टेबलाच्या कडेवर कपाळ आपटून खाली बसली, रक्ताची धार लागली. वेंडेल पुढे झाला, तर रॉइसची मूठ त्याच्या तोंडावर बसली. दुसरी कानावर. वेंडेल गुडघ्यावर आला तशी बरगडीत लाथ.

"माझी खुर्ची घेतोस? आं? तुला खायला घातलं मी! बाप मेल्यावर कुणी पोसलं तुला? बोल ना, मुक्या!"

वेंडेलच्या तोंडात दाताचा तुकडा फिरत होता. जमिनीवर बसून कपाळ दाबून धरणारी डोलोरेस त्याला दिसली. पुढचं त्याला नंतर नीट आठवलं नाही. दोन सभासदांनी वेंडेलला आवरायचा प्रयत्न केला एवढं लोक सांगतात. तो उठला, त्याने भावाची मानगूट धरली आणि त्याचं तोंड त्या पत्र्याच्या फळीवर आपटलं. बटणांच्या पोलादी दांड्यांवर. रॉइस बैलासारखा ओरडला. वेंडेलने पुन्हा आपटलं. मग पुन्हा. रॉइसच्या हातातला जोर गेला होता, तो "बस, बस" म्हणत होता, तरी वेंडेल थांबला नाही. शेवटी चौघांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा तो हसत होता.

हे हसणं मात्र त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

रॉइसचा डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधावा लागला. पोलिसांनी वेंडेलला नेलं. टाके घातलेल्या कपाळानिशी डोलोरेस पोलीस ठाण्यात गेली आणि जामीन भरून त्याला आपल्या घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी रॉइसची बायको लोरेटा दारात उभी राहिली. वेंडेलला वाटलं, वहिनी आता तोंडावर थुंकेल. ती खुर्चीत बसली, कोट काढला नाही.

"त्याला उद्या दवाखान्यातून घरी सोडणार आहेत," ती म्हणाली.

"लोरेटा, मला खरंच..."

"तुझं खरंच ठेव तुझ्यापाशी. तू मोकळा झालास, वेंडेल. तुझ्या मनातलं निघालं. आता त्याचा वचपा तो कुणावर काढणार? तुझ्यावर? तुला तो हात लावेल आता?" तिने दोघांकडे पाहिलं. "घरात मीच आहे."

डोलोरेसने कॉफीचा कप खाली ठेवला. "मग घरी जाऊ नकोस."

"जाऊ कुठे?"

"बहीण आहे ना तुझी एरी गावात? मी बस चालवलीय आयुष्यभर. एक बाई आणि एक बॅग म्हणजे काय मोठं ओझं?"

त्याच दुपारी दोघी निघाल्या. वेंडेलने बॅग गाडीत ठेवली. लोरेटाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्यातून सुटून रॉइस आला तो जबड्याला तारा आणि डोळ्यावर पट्टी अशा अवताराने, हातात चाक बदलायची लोखंडी पहार. वेंडेल तोवर स्वतःच्या घरी परतला होता आणि ओसरीवरचा बर्फ खोऱ्याने ओढत होता.

"कुठंय ती?" आवाज दातांतून गाळून येत होता.

"माहीत नाही."

पहार खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज वेंडेलने स्वतः ऐकला. खोऱ्याचा दांडा त्याच्या उजव्या हातात होता आणि रॉइसची डावी बाजू पूर्ण उघडी होती. त्या बाजूने त्याला काही दिसतच नव्हतं. एक फटका पुरला असता. हातात जोर आला, तळघरातला तोच. वेंडेलने खोरं अंगणात दूर भिरकावलं.

"कुठंय?"

"सांगणार नाही, रॉइस. मार हवं तर."

रॉइसने मारलं. मांडीवर, पाठीवर, पडल्यावर पोटात. दर फटक्यामागे तोच प्रश्न, आणि वेंडेल फक्त डोकं हातांत धरून "नाही" म्हणत राहिला. समोरच्या घरातल्या बाईने पोलीस बोलावले. ते आले तेव्हा रॉइस पायरीवर बसून धापा टाकत होता. पहार बाजूला पडलेली.

न्यायाधीशाने दोघांनाही सोडलं नाही. रॉइसला तुरुंगवास झाला. वेंडेलला तळघरातल्या प्रकारासाठी तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहायची शिक्षा आणि दर आठवड्याला राग आवरायला शिकवणाऱ्या वर्गात हजेरी. वर्गातल्या पोरसवदा शिक्षकाने विचारलं, "मारताना काय वाटलं?" तेव्हा बाकीच्यांसारखं "वाईट" न म्हणता वेंडेल म्हणाला, "बरं वाटलं. म्हणून तर येतो इथे."

क्लबने दुसरं सर्किट मागवलं. पत्र्याची फळी भंगारात गेली. आता ज्याला जशी हवी तशी तो गाडी चालवतो. कधी दोन समोरासमोर धडकतात, मग चालवणारे मोठ्याने भांडतात, आणि डोलोरेस बसमधल्या पोरांना दटावल्यासारखी डरकाळी फोडते. लोरेटा एरीला एका बेकरीत कामाला लागली. परत आली नाही.

रॉइस सुटून त्याच घरात एकटा राहतो. कोर्टाने दोघांना एकमेकांजवळ जायला घातलेली बंदी उठल्यानंतर एकदा वेंडेलला तो किराणा दुकानात दिसला, डब्यांच्या कपाटासमोर, चष्मा नाकावर, सुपाच्या डब्यावरचं वाचत. वेंडेल त्याच्या डाव्या हाताला उभा होता. रॉइसला पत्ताच नव्हता. गुपचूप निघून जाता आलं असतं.

वेंडेल मागून वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आला.

"रॉइस."

रॉइस दचकला, डबा हातातून पडला, आणि त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. वेंडेलने तो डबा उचलून कपाटात ठेवला. मग तो तिथेच उभा राहिला, रॉइसचे हात खाली येईपर्यंत.