शुक्र झालेला भिकाजी

भिकाजी साळोखे शुक्र झाला, आणि त्याचं खापर गावात कुणीच अच्युतराव घैसासांवर फोडलं नाही. फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं अच्युतरावांना राहून राहून वाटे.

झालं ते एवढंच. हरवलेली शेळी शोधायला भिकाजी दिवेलागणीला पश्चिमेच्या डोंगरावर गेला. अंधारू लागलं तशी त्याची बायको रत्ना शेजारच्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "अण्णा, डोंगरावर काय चमकतंय हो? मघापासनं हलतंय जरासं."

अच्युतरावांचं चष्म्यांचं दुकान, पण गच्चीवर दुर्बीण, आणि आकाशातलं काही विचारायचं तर अख्खं गाव त्यांच्याकडेच येणार. त्या वेळी ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "शुक्र आहे तो. मावळेल थोड्या वेळानं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. शुक्र त्या दिवसांत पहाटे पूर्वेला उगवत होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण रत्ना निर्धास्त होऊन घरात गेली, आणि डोंगरावर पाय मुरगळून बॅटरी हलवत बसलेला भिकाजी शुक्र झाला.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी डोंगराच्या वर दिसे. रत्ना डबा घेऊन अच्युतरावांच्या गच्चीवर येई.

"बघा ना अण्णा, कसे आहेत?"

दुर्बिणीतून भिकाजी स्वच्छ दिसे. डोक्याला मफलर, सुजलेला पाय लांब केलेला, हातात बॅटरी. सुरुवातीला तो अर्धा उजळलेला होता. मग शुक्राच्या रीतीनं त्याची कोर होत चालली. आधी पाठ गेली, मग खांदा.

"बरा आहे," अच्युतराव म्हणत.

"तुम्ही म्हणता म्हणजे बरेच असणार." रत्ना डबा दुर्बिणीपाशी ठेवून जाई. अच्युतराव भाकरी कुत्र्याला घालत आणि डबा घासून परत देत. तेव्हा त्यांना स्वतःची किळस येई.

घरातही तेच सुरू झालं. "मागचं दार लावलंय ना?" त्यांच्या बायकोनं, कुमुदनं, विचारलं. "लावलंय," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. उघडं दार लागलं ते कायमचं. विहिरीवर जायला आता खिडकीतून उतरावं लागे. एकदा पुढच्या पायरीवर कुणीतरी खाकरलं. "कोण आलंय?" कुमुदनं विचारलं. "कोणी नाही," ते सवयीनं बोलून गेले, आणि खरंच कोणी राहिलं नाही. पायरीवर दूधवाल्याच्या चपला तेवढ्या होत्या. त्यानंतर अच्युतराव बोलायलाच घाबरू लागले.

शब्द मागे घेतला तर भिकाजी पुन्हा माणूस होईल, हे त्यांना कळत होतं. पण माणूस होऊन असणार कुठे? डोंगरावरच, मुरगळलेल्या पायानं, इतके दिवस अन्नपाण्यावाचून. त्यापेक्षा शुक्र म्हणून चमकतोय तरी, अशी मनाची समजूत घालून ते मूग गिळून बसले. खरं कारण निराळं होतं. आपण वर बघितलंच नव्हतं, हे रत्नाच्या तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटत होती.

अखेर एका संध्याकाळी दुर्बिणीत नुसती कड उरली. भिकाजीचा एक कान आणि बॅटरी धरलेलं मनगट.

"आज फार बारीक दिसतायत," रत्ना म्हणाली. "जेवण पोचत नसेल का?"

अच्युतरावांना राहवलं नाही. "रत्ना, तो शुक्र नाही. भिकाजी डोंगरावर बॅटरी दाखवत होता. मी मान वर करून बघितलंच नाही."

रत्नानं दुर्बिणीपाशी ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. "मग मी इतके दिवस डबा इथं कशाला आणत होते?"

तिनं डबा उचलला, पदर खोचला, कंदील मागून घेतला.

"मी येतो बरोबर," ते म्हणाले.

"नको. तुम्ही आता बघा."

ते दुर्बिणीला डोळा लावून बसले. शुक्र खाली उतरू लागला. रत्नाचा कंदील करवंदीच्या जाळ्यांमधून वर चढत होता. वरचा उजेड माथ्यावरच्या खडकाला टेकला. तो उजेड आता हलत नव्हता.