माझ्या पाठीवरचा डी सतरा

हे कोणी मानणार नाही, आणि न मानणाऱ्यांनी खुशाल उठून जावं: सौंदडमध्ये बसून मी, केवळरामनं, कॅन्सर बरा केला आहे. चाकू नाही, गोळी नाही. एक अक्षर बदललं अन् रोग पळाला.

बसलेच आहात तर ऐका. माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, बावीस वर्षांपासून एक गाठ आहे. उकडलेल्या अंड्याएवढी, मऊ. बोट ठेवलं की कातडीखाली मासोळीसारखी सरकते. दुखत नाही, खुपत नाही. पाऊस येणार असला की एक बोट डावीकडे जाते. हवामान खात्यापाशी अशी गाठ नाही, म्हणून त्यांचा अंदाज चुकतो.

गेल्या दिवाळीआधी शाळेत गोंदियाच्या दवाखान्याचं कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं. डॉक्टरनं गाठ दाबली, हलवली आणि हसला. "चरबीची गाठ आहे, काका. लिपोमा म्हणतात. वाढली, दुखली तर दाखवा. नाहीतर राहू द्या." बाहेर कॉम्प्युटरवाल्यानं छापील कागद दिला, तो मी न वाचताच खिशात कोंबला.

इथवर ठीक होतं. पण माझा पुतण्या लोकेश सगळं मोबाइलला विचारतो. त्यानं खिशातून काढलेल्या कागदावर रोगाचं नाव नव्हतं, नुसता कोड होता, 'सी'पासून सुरू होणारा. लोकेश पांढरा पडला. "मोठेबाबा, सी म्हणजे कॅन्सर हाय."

दुपारपर्यंत गावाला कळलं. एक जण पपईच्या पानांचा रस घेऊन आला. दुसऱ्यानं माझी सायकल किती जुनी आहे ते विचारून घेतलं. तेही सोसलं असतं. पण दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी दंडार होते, नाचगाण्याचं आमचं नाटक, आणि त्यात एकतीस वर्षं राक्षस मीच. उघडं अंग, खांद्यावर गदा. गदा म्हणजे वाळलेला भोपळा, वरून चांदीचा रंग. तर मंडळाचा गोवर्धन दारात हजर.

"केवळ्या, गदा दे. औंदा राक्षस मी करतो."

"काऊन? मी मेलो का?"

"तसं नाई गा. पण भर मंडईत पडला, तं लोक मंडळाले शिव्या देतीन. रोग नाई म्हणून कागद आण, मंग पाहू."

"आणतो कागद. तोवर गदेले हात लावशीन, तं तुह्याच टाळक्यात फोडीन."

माझी बायको देवकाबाई, ही काय, इथंच सुपात धान पाखडत बसली आहे. तिनं पाहिलं आहे मी कसा पेटलो होतो ते.

सकाळच्या गाडीनं गदेसकट गोंदिया गाठलं. टीसीनं विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "हथियार है, साहब." त्यानं मुकाट्यानं डबा बदलला.

दवाखान्यात कागदपत्रांच्या खोलीत रंजिता नावाची पोरगी बसते. डॉक्टर रोग लिहितो, ही त्याला कोड लावते. म्हणाली, "बाबाजी, उद्या या. साहेब राउंडवर आहेत." मी गदा तिच्या टेबलावर ठेवली. "राहू दे साहेबाले राउंडवर. गाठ हाय, कागद हाय, मी हाय. आणखी कोण पाहिजे?"

पोरगी गुणाची. तिनं डॉक्टरचा हातानं लिहिलेला फॉर्म शोधला: लिपोमा, पाठ. मग कॉम्प्युटर उघडला आणि कपाळाला हात लावला. यादीत पहिला होता तो कॅन्सरचा जुना रोगी. त्याचा कोड खरा. पण शिबिरातल्या ऑपरेटरनं घाईत तोच कोड ओळीओळीनं खाली ओढत नेला होता. त्याखाली आम्ही अकरा जण. गाठ असो, गळू असो, नुसती चामखीळ असो, सगळ्यांना कॅन्सर.

"चरबीच्या साध्या गाठीचा कोड डी सतरा," ती म्हणाली. "पाठीपोटाची असली तर पुढे एक. हातापायाची असली तर दोन."

"माही तं अर्धी खांद्यावर सरकते."

"डॉक्टरनं पाठ लिहिलं, म्हणजे पाठ. माझ्या मनानं कोड लागत नाही, अन् तुमच्याही नाही."

डी सतरा पॉइंट एक. नवा कागद हातात आला, तसा मी खुर्ची ओढून बसलो. "आता बाकीच्या दहांचे काढ."

"ते तर आले नाहीत ना, बाबाजी!"

"त्यांच्या घरी रडणं चालू हाय. गाडी जाते तं जाऊ दे, मी नाई हलत."

साहेब आले, एकेक फॉर्म ताडून पाहिला, सह्या केल्या. अकरा कागद गावात आले. मंडईच्या दिवशी मी पाठीवर कोळशानं हातभर अक्षरात डी सतरा लिहवून घेतलं आणि लोकांकडे पाठ करून गदा उचलली. अशा टाळ्या गोवर्धनला सात जन्मात मिळणार नाहीत! आता तुम्हीच सांगा, एकट्या म्हाताऱ्यानं, गदा घेऊन, परक्या शहरात...

सूप थांबलं.

"खोटं!" देवकाबाई गरजली. "साफ खोटं! गदा घेऊन गाडीत मी बसली होती. त्या पोरीपुढे मी उभी होती. तुमी तं इथंच, सौंदडच्या फलाटावर, बाकड्यावर बसून रडून राहिले होते, का तिथं गेलो तं दुसरा रोग निंघन म्हणून! अन् ती पोरगी बाबाजी कायले म्हणन? मले आजी म्हणे, आजी!"