कोठीतल्या वरच्या फळ्या

कोठीतल्या खालच्या फळ्या उखडून पार छताखाली ठोकायला मन्नूबियानं सांगितलं, तेव्हा सुतार शाज़ली म्हणाला, आता तुलाच स्टूल लागेल. लागू दे, म्हणाली ती, गुडघे गेले खड्ड्यात. कुसकुसाच्या रव्याचे डबे खाली राहिले तरी चालतील, पण बाटली म्हणून जी काही असेल ती वरच गेली पाहिजे. दाराला उंचावर कडी, कडीला कुलूप. शेजारणी आपसात म्हणत, बैल गेला नि झोपा केला. खोटं नव्हतं ते, म्हणून तर जास्त झोंबायचं.

पोराचं पोट दुखलं की चमचाभर नारिंगीच्या फुलांचं पाणी साखर घालून पाजत नाहीत, असं एक तरी घर नाबल गावात आहे का? मन्नूबियाही नातीला, मलेकला, पाजायची. ती लांब मानेची, विणलेल्या गवतानं मढवलेली बाटली दिसली की पोर आधीच आ वासायची. आणि रिकामी बाटली फेकून देणारी बाई तरी नाबलमध्ये कुठली? फुलांचं पाणी संपलं, फेरीवाला मोरीचं सुटं अ‍ॅसिड घेऊन दारात आला, हिनं तीच बाटली पुढे केली. पुढे कधीतरी तीन वर्षांच्या मलेकचं पोट दुखलं. आजी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून पोर आपली आपणच कोठीत गेली. शहाणं लेकरू, शहाणपणानंच घात केला.

जीव वाचला. पण गळा आतून भाजला तो भाजलाच. अजून ट्यूनिसच्या इस्पितळात नेऊन रुंद करून आणावा लागतो, नाहीतर भाकरीचा तुकडाही उतरत नाही. मन्नूबियाच्या लेकीनं, सिहेमनं, त्यानंतर आईचा उंबरा ओलांडला नाही. कडाकडा भांडली असती तर परवडलं असतं. ती फोनवर नुसती तब्येत विचारायची.

या वर्षी मात्र म्हणाली, येते, आधी कोठी बघते, मग ईदला राहायचं का ते ठरवू.

आली. मलेकला घेऊनच. कुलूप ओढून पाहिलं, हात उंचावून पाहिले, एकेक बाटली खाली काढायला लावून बूच उघडून हुंगली. मन्नूबिया दारात उभी होती.

"चांगलं केलंस, उम्मी," शेवटी सिहेम म्हणाली. "राहू आम्ही ईदला."

म्हातारीला रडूच कोसळलं. तेवढ्यात मलेकनं घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. मन्नूबिया धावली. पेला धुतला, दोघींच्या देखत नळाखाली भरला आणि नातीपुढे धरला. सिहेमनं मध्येच हात घालून पेला घेतला. नाकाशी नेला, स्वतः एक घोट प्यायली, थोडी थांबली आणि मग लेकीला दिला.

आईचा चेहरा तिनं नंतर पाहिला.

"सवय लागलीय गं," ती खाली बघत म्हणाली.

"असू दे," मन्नूबिया म्हणाली. "माझ्या हातचं असलं की आधी तूच पीत जा."