करवंदाचा मुरंबा

गारगोटीच्या पुढच्या डोंगरावर गोड करवंदाची जाळी कुठली आणि आंबट कुठली, हे आक्काताईला तोंडपाठ होतं. घरात धान्य संपलं की तिची आई पोरांना करवंदं-जांभळांवरच जगवायची. बाळंतिणीला मीठ लावून वाळवलेली करवंदं द्यायची. अंगात रक्त भरतं म्हणायची.

वर्षाराणीच्या बचत गटानं करवंदाचा मुरंबा करून कोल्हापूरच्या प्रदर्शनात मांडायचं ठरवलं, तेव्हा ती स्वतः बौद्धवाड्यात आक्काताईच्या दारी आली.

"करवंदात लोह असतंय म्हणं, शहरातली मानसं लई घेत्यात. तुमच्याबिगर जमायचं न्हाय आक्काताई. तुम्ही आमच्यातल्याच की."

त्या शब्दानं आक्काताई सुखावली. तिनं बायकांना सगळ्या जाळ्या दाखवल्या, हाताला चिकटलेला चीक तेल लावून काढायला शिकवलं, आईची रीतही सांगितली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती वर्षाराणीच्या घरी मुरंबा शिजवायला गेली. पातेल्यात गूळ विरघळत होता. तिनं पळीला हात घातला, तशी वर्षाराणीनं पळी मागं घेतली.

"तुम्ही पायरीवर बसून सांगा. आम्ही हलवतो."

"का गं?"

"माझं काय न्हाय ओ. पर गावातली मानसं इचारत्यात, कुनी शिजवलं म्हणून. समजून घ्या."

बाकीच्या बायका पातेल्यात बघत राहिल्या. उठून निघावं असं आक्काताईला वाटलं, पण ती बसली. पाक कधी उतरवायचा तेही तिनंच सांगितलं. याचाच तिला पुढं जास्त राग येत राहिला. घरी ती कुणाला बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सून प्रीतीला दिवस गेले. रक्त कमी आहे, डॉक्टर म्हणाले. आक्काताई टोपली घेऊन डोंगर चढली. गोड जाळ्या सगळ्या ओरबाडलेल्या होत्या. गटानं यंदा तिला विचारलंही नव्हतं. वाट आता त्यांना ठाऊक होती. घाईत फांद्याच कोयत्यानं तोडून नेलेल्या. वरच्या खडकापर्यंत जाऊन तिला ओंजळभर हिरवी, कडक करवंदं मिळाली.

प्रीतीनं टोपलीत डोकावून पाहिलं.

"आई, कशाला एवढं उन्हात गेलासा? बाजारात वर्षाराणीच्या गटाची बरणी मिळत्या. आणू का?"

आक्काताईनं पायातला काटा उपसून काढला.

"आण," ती म्हणाली. "तुला खायाला पायजे."